गच्चीवरून केलेलं बारसं

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझा एकुलता एक भाऊ ऑस्ट्रेलियात, मी चोपड्याजवळच्या आमच्या गावात. भावानं सुचवलं, "ताई, नेटवरून सांग. फोन बाळाच्या कानाशी धरतो." वहिनीनं लगेच पुस्ती जोडली, "आवाज तुटला तर माझी मैत्रीण आहेच, ती आत्या म्हणून उभी राहील." हे मला मिरचीसारखं झोंबलं. उसनी साखर आणतात, उसनी आत्या कुठे आणतात?

आमच्याकडे नेट येतं ते गच्चीवरच्या खांबाला लावलेल्या छोट्या डिशमधून. तिचं तोंड टॉवरकडे असलं की आवाज शेजारून आल्यासारखा, जरा ढळलं की बोलण्याचे तुकडे. बारशाच्या दिवशी फोन लावला तर तुकडेच. वर जाऊन पाहते तो आईनं गच्चीवर बिबडे वाळत घातलेले. कावळ्यांनी ज्वारीच्या पापडांत चोची घालू नयेत म्हणून वर जुनं लुगडं ताणलेलं, आणि त्याचं एक टोक डिशच्या खांबाला बांधलेलं. वाऱ्यानं लुगडं फुगलं होतं आणि डिश केळीच्या बागांकडे बघत होती.

"मंग बिबडा कावळासले देऊ का?" आई म्हणाली.

आबांनी लुगडं सोडलं, डिश फिरवली. आबा, माझे वडील, भुसावळकडच्या एका स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही, हा त्यांचा नियम घरातही चालतो. आवाज स्वच्छ झाला. मी तिथेच गच्चीवर बसून हळूच 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं.

"ताई, तुझे ओठ हलतायत, पण आवाज येत नाही," भाऊ म्हणाला.

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मग लक्षात आलं, हा फोन मोठं बोलणं पाठवतो आणि कुजबुज पंख्याच्या घरघरीसारखी गाळून टाकतो. तिकडे ती मैत्रीण पदर सावरत पाळण्याजवळ आलेली मला दिसली.

मग मी लाज सोडली. शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारतात तशी हाक मारून नाव सांगितलं. शेजारच्या गच्चीवरची काकू हातातलं काम टाकून उभी राहिली.

"परत म्हणून दाखव," आबा फोनमध्ये तोंड घालून म्हणाले.

भावानं नाव जसंच्या तसं म्हटलं. "पोचलं, आबा. तो फोनकडेच बघतोय."

"नाव चांगलं शे, अक्का," काकू पलीकडून म्हणाली. बाळाच्या आधी तिलाच कळलं होतं.

मैत्रीण हसत मागे सरकली. नाव सांगताना बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते मात्र राहिले होते. आईला तेवढ्यात आठवलं. पिठानं भरलेला हात तिनं तसाच माझ्या पाठीत घातला, चांगला जोरात, आणि मी हसता हसता रडायला लागले.