येसराचं नाव

पुंडलिकनगरात विजयाबाईंचा येसर मसाला घरोघरी जायला लागला, तशी त्याला नाव द्यायला सगळी भावकी जमली. मसाला कुटताना यातलं कुणी फिरकलं नव्हतं. गुरुजींनी अक्षर काढलं, थोरले दीर आप्पासाहेबांनी ‘राजवैभव’ ठरवलं, नारळही फुटला. ते नाव आधी कुणी घेतलंय का, एवढंच बघायचं राहिलं.

पाकिटं छापायच्या आधी विजयाबाई छावणीतल्या जब्बार वकिलांकडे गेल्या. आप्पासाहेब राखणीला होतेच. वकिलांनी ट्रेडमार्कच्या नोंदी पाहिल्या.

“हे नाव मसाल्यासाठी दुसऱ्यानं घेतलंय. वापरलं तर नोटीस येईल, धंदा बंद पडेल.”

“आमच्या भावकीनं ठरवलंय!” आप्पासाहेब गरजले.

“सरकारला तुमची भावकी ठाऊक नाही, साहेब. ताई, दुसरं काही सुचतंय?”

विजयाबाई चाचरल्या. “माहेरचं नाव होतं, कौसा. लग्नात बदललं. मला कुणी विचारलं नाय.”

वकिलांनी शोधलं. “कुणीच घेतलेलं नाही. अर्ज करता येईल.”

“अन् घराण्याचं नाव कुठं गेलं?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“ते दारावरच्या पाटीवर हाय की, भाऊजी,” विजयाबाई म्हणाल्या आणि वकिलांकडे वळल्या, “कौसाच लिहा.”