दत्ताकाकांचं काडतूस

काल शोकसभेत मी दत्ताकाकांबद्दल धडधडीत खोटं बोललो.

माइक हातात घेऊन म्हणालो, "काकांना निसर्गाची फार ओढ. रिटायर झाल्यावर ते रानावनात पायी भटकायचे."

पायी!

इथे टेक्सासात, आमच्या शुगर लँडमधल्या ज्यांनी काकांना फक्त महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती म्हणताना पाहिलंय, त्यांच्यासाठी खरं काय ते आज लिहितोय.

दत्ताकाका शिकारी होते.

मूळचे परतवाड्याचे, नोकरी इथे ऑइल कंपनीत, आणि जीव सगळा रायफलीत.

त्यातही दुकानातलं काडतूस त्यांना चालायचं नाही. त्यांना स्वतःचं, नवीन बनवायचं होतं. अशा काडतुसाला इथे वाइल्डकॅट म्हणतात. ते कुठलीच कंपनी काढत नाही, कुणीतरी हौशी माणूस आपल्या गॅरेजमध्ये खटपट करून बनवतो. तयार पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, घ्यायची, साच्यात दाबून तिची मान बारीक करायची आणि तिच्यात लहान गोळी बसवायची. मग त्या मापाची रायफलही घडवून घ्यायची.

मी पहिल्यांदा विचारलं होतं, "काका, एवढी रेडीमेड मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला?"

"चकलीही रेडीमेड मिळते. काकूची सोडून ती खातोस का?"

खरं कारण नंतर कळलं. त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. मोठ्या काडतुसाचा धक्का सोसत नव्हता, आणि लहानावर त्यांचा भरवसा नव्हता. धक्का कमी पण मार पुरा, असं मधलं काहीतरी त्यांना हवं होतं.

"जनावर एका गोळीत पडलं पाहिजे. जखमी होऊन झाडीत तडफडत राहिलं, तर ते पाप आपलं."

माझे कितीतरी शनिवार त्या गॅरेजमध्ये गेले. पहिल्या खेपेला झाडून सगळ्या केसच्या माना तडकल्या. माझं शिक्षण मेटलर्जीचं. मी म्हटलं, आधी मान तापवून पितळ मऊ करू. ते जमलं तेव्हा काकांनी पाठीत अशी थाप मारली की माझा चष्मा खाली पडला.

त्या काडतुसाने पहिलं हरीण मी मारलं. काकांनी नाही, मी.

ते जागेवर पडलं. काका जीपमधून उतरले, त्याच्या मानेवर हात ठेवून खाली बसले. मग म्हणाले, "झालं रे आपलं काम."

आपलं, म्हणाले.

हे माझ्या बायकोला माहीत आहे. पुण्याच्या कट्टर शाकाहारी सासरच्या मंडळींना नाही. त्यांच्या लेखी मी दर शनिवारी काकांना गॅरेज आवरायला मदत करायचो. काल ती सगळी मंडळी झूमवर होती.

त्यात सभेआधी मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "शिकारीचा विषय नको रे. बरं दिसत नाही."

दर पिकनिकला काकांच्या हरणाच्या रश्श्याचा डबा भरून घरी नेणारे हेच. पण त्यांना कशाला नावं ठेवू? जीभ तर माझीच होती.

मागच्या रांगेत रॉय बसला होता. ती रायफल घडवणारा गनस्मिथ, काकांचा जिवलग. हॅट मांडीवर. काकांची मुलगी मेघना त्याच्या कानात माझं भाषण ट्रान्सलेट करत होती.

"वॉकिंग?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "दत्ता? ही ड्रोव्ह टु हिज मेलबॉक्स!"

खरंच, घरापुढच्या पत्रपेटीपर्यंतही काका गाडीनेच जायचे. कुणी हसलं नाही. मेघना माझ्याकडे बघत राहिली. मला त्या माइकसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चहाच्या वेळी रॉय माझ्याजवळ आला.

वाइल्डकॅटची एक रीत आहे. ज्याने काडतूस बनवलं, त्यानेच त्याला नाव द्यायचं. ते नाव रायफलीच्या नळीवर कोरतात.

"दत्ताने मला नाव सांगून ठेवलंय," रॉय इंग्लिशमध्ये म्हणाला. "पॉइंट टू फाइव्ह मंदार. या आठवड्यात कोरणार होतो. यू स्टिल वॉन्ट युअर नेम ऑन इट?"

पाव इंची गोळी, आणि पुढे माझं नाव. मला काका कधी बोललेही नव्हते.

अध्यक्ष चहाचा कप घेऊन शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "कॅन वी टॉक लेटर, रॉय?"

एकाच दिवसात दुसऱ्यांदा. स्वतःची इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

निघताना काकूंच्या पाया पडलो. काकूंनी जन्मभर मटणाला हात लावला नाही. काकांचा रस्सासुद्धा गॅरेजमधल्या वेगळ्या शेगडीवर व्हायचा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"छान बोललास हो. आता आमच्या यांच्याबद्दलही बोल कधीतरी."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

आज सकाळी रॉयला फोन केला. म्हटलं, माझं नाव नको. काकांचंच कोर. माझी लायकी नाही.

 तो म्हणाला, "सन, दॅट नेम इज नॉट युअर्स टु गिव्ह बॅक."

आणि फोन ठेवला.

म्हणजे नाव राहणार. मी बोललो तरी, गप्प बसलो तरी.

आई, बाबा, पुण्यातली सगळी सासरची मंडळी, तुम्हीही हे वाचाल. वाचून काय वाटायचं ते वाटू दे. त्या रायफलीवरचा मंदार मीच.

काका, काल चुकलो. माफ करा.

परतवाड्याच्या शिकाऱ्याला, माझ्या दत्ताकाकांना, भावपूर्ण श्रद्धांजली.