उंबरापासून दोनशे अठरा मीटर

औंढ्याच्या पुढे, पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं उंबराचं झाड तोडण्याची आणि त्याखालचं चहाचं हॉटेल हटवण्याची नोटीस फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता त्या झाडालाच ठोकण्यात आली. कारण एका ओळीत होतं: अपघातप्रवण ठिकाण. हरकत घ्यायला दहा दिवसांची मुदत होती.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चूल, पाण्याचा माठ आणि बुंध्याला उभी टेकवलेली काथ्याची बाज. ते चालवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. येणारा-जाणारा त्यांना मावशी म्हणतो. नवरा गेल्यावर त्यांनी इथे चूल मांडली. दुसरं काही त्यांच्याजवळ नाही.

मी त्या वेळी नोकरीत नव्हतो. त्याआधी बरीच वर्षं एका दैनिकाचा मावळचा वार्ताहर होतो, लोणावळ्यात खोली घेऊन राहायचो. नोटीस लागल्यावर दोन दिवसांनी पुण्याहून एक ताई आल्या. रस्ते अपघात आणि त्यांत होणाऱ्या जखमा कशा टाळता येतील, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पोलिसांच्या नोंदी आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून त्यांनी तालुक्यातल्या अपघातांचा नकाशा तयार केला होता. त्याच नकाशावरून बांधकाम विभागाने नोटीस काढली होती. कात्रणं बहुतेक माझी होती, म्हणून जागा पाहायला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं.

दुपारची वेळ होती. पत्र्यावर पिकलेली उंबरं अधूनमधून पडत होती. रस्ता रिकामा होता आणि उन्हात दूरवर पाणी साचल्यासारखा दिसत होता. ताईंनी बाकड्यावर लॅपटॉप उघडला. नकाशात रस्त्याची रेघ पांढरी, अपघाताचे ठिपके लाल. बाकी रस्त्यावर ते तुरळक होते. एका जागी मात्र एकावर एक पडून त्यांचा घोस झाला होता. मावशी पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय म्हनायचं?"

"हे तुमचं झाड, मावशी. आणि हे इथे झालेले अपघात."

मावशींनी बराच वेळ पाहिलं. मग चूल सारखी करायला वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हितं? हितं कोन पडलंय? पडत्यात तिकडं. हितं आनत्यात."

ताईंनी लॅपटॉपवरचा हात काढला. "कुठे पडतात?"

"चढावर. वरल्या अंगाला." मग माझ्याकडे पाहून, "पेपरवाले भाऊ, तुमीच ल्हिलंय न्हवं ह्ये? उंबराजवळ अपघात, उंबराजवळ अपघात. झाडाला लायसन हाय का, तेवढं तरी इचारायचं व्हतं."

लिहिलेलं माझंच होतं. कसं लिहिलं गेलं, हेही त्या दुपारी तिथे बसल्या-बसल्या उलगडत गेलं. चढावर आणि पलीकडच्या उतारावर फोनला रेंज नाही. ती उंबराखाली येते. सावली इथे, पाणी इथे. रुग्णवाहिकेला वळायला जागाही इथेच. कोणी पडलं की माणसं मावशींची बाज घेऊन वर जातात आणि जखमीला तिच्यावर घालून खाली आणतात. फोन करणारा सांगतो, उंबराजवळ या. हवालदार येतात ते उंबराशी, पंचनामाही तिथेच बसून लिहितात. मी लोणावळ्यात फोन उचलायचो. आतल्या पानावर दोन ओळींची जागा असायची आणि ठिकाणाला त्यात एक शब्द पुरायचा.

ताई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, झाडामुळे पुढचं दिसत नाही. अहवालात तसं लिहिलंय मी." त्यांनी हे दोनदा म्हटलं.

"मग आता?" मावशींनी विचारलं.

"आता खरी जागा सापडायला हवी. आणि ती सिद्ध करायला हवी."

"सापडायला काय ती हारवलीय? उद्या पहाटे या. दावते."

पहाटे इंद्रायणीच्या अंगाने आलेलं धुकं रस्त्यावर उतरलेलं होतं. आम्ही तिघं निघालो. ताईंच्या हातात अंतर मोजायचं चाक होतं, लांब दांड्याचं, दर मीटरला टक असा आवाज करणारं. मावशींच्या हातात चुन्याचा डबा आणि कुंचा. मी वही घेतली होती. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मागे उंबर नाहीसा झाला, पुढे रस्ता थोडा-थोडा तयार होत होता. इतकी वर्षं मी या रस्त्याच्या बातम्या दिल्या, पण त्यावरून पायी कधी गेलो नव्हतो. चाकाचा आवाज धुक्यात जवळून येतो आहे की लांबून, हे कळत नव्हतं.

"तुम्हाला प्रत्येकाची जागा आठवते, मावशी?" ताईंनी विचारलं.

"जागा न्हाई आठवत. बाज आठवते." त्या थांबल्या. "बाज जड असती. मधी टेकावी लागती. मोरीपाशी एकदा, जांभळीपाशी एकदा. कोन किती लांबनं आनला, ते टेकन्यावरनं कळतंय. न टेकता आनला तर जवळचा. एकदा टेकली तर मोरीवरचा. दोनदा टेकली तर माथ्यावरचा."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. नावं त्यांना ठाऊक नव्हती. पिवळ्या शर्टाचा, दोनदा टेकली. हळदीचे हात असलेली बाई, दोनदा. दुधाच्या किटल्यांचा, दोनदा, आणि त्याच्या अंगाला सगळा दुधाचा वास. एक म्हातारा, तो सारखा विचारत होता की आमी कुटं चाललोय. एकदा टेकली. शाळेच्या सहलीतला मास्तर, दोनदा, आणि दोन्ही वेळा तो उठून म्हणाला की मी चालत येतो. धुक्यातून ही माणसं एकेक करून आमच्या बाजूने खाली जात होती, असं मला वाटत होतं. ते वाटणं होतं. वहीत फक्त वर्णन आणि आकडा आहे, एक किंवा दोन.

रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीपाशी चुन्याच्या दोन खुणा झाल्या. बाकीच्या सगळ्या माथ्यावर, एका पाणंदीच्या तोंडाशी. बैलगाडी जाईल एवढी ती वाट शेतांतून वर येऊन थेट रस्त्याला लागते. मावशी खाली बसून खुणा करत होत्या आणि पुढे-पुढे सरकायला डांबर उरलं नाही, तेव्हा त्यांनी शेवटच्या खुणा एकमेकींवरच काढल्या. ताईंनी चाकावरचा आकडा वाचला. उंबरापासून दोनशे अठरा मीटर.

"पण इथेच का?" त्या म्हणाल्या. धुकं उठत होतं. रस्ता दोन्हीकडे स्वच्छ दिसत होता. पाणंदीच्या तोंडाशी झाड नव्हतं, वळणही फारसं नव्हतं.

उत्तरासाठी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. ताई वेग मोजायचं यंत्र मांडून माथ्यावर बसल्या, मी शेजारच्या दगडावर. पाचनंतर धरणाकाठच्या तंबूंत मुक्कामाला निघालेल्या गाड्या एकामागून एक चढू लागल्या. त्याच वेळी पाणंदीतून दुधाच्या मोटारसायकली आणि घरी परतणारी गुरं वर येत होती. सहाच्या सुमारास सूर्य खाली आला. माथ्यावर रस्ता मावळतीकडे तोंड करतो. चढ चढून आलेल्याला समोर आधी नुसतं आकाश दिसतं, मग एकदम सूर्य. आम्ही उठून रस्त्याच्या कडेला, गाडीवाल्याची नजर जिथे असेल तिथे उभे राहिलो. पाणंदीचं तोंड दिसत नव्हतं. त्यातून येणारी म्हैस दिसत नव्हती, तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज मात्र येत होता. सगळं सोनेरी आणि सपाट झालं होतं. हे सुमारे वीस मिनिटं टिकलं. त्या वेळात एक गाडी म्हशीच्या शेपटीला लागता-लागता राहिली. चालकाने काच खाली करून आम्हालाच विचारलं, "इथे रस्ता आहे का?"

ताईंनी ती नोंद 'थोडक्यात टळलेला' या रकान्यात घेतली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी विभागाचे अभियंते जागा पाहायला आले. माणूस सरळ होता. त्यांनी माथ्यापर्यंत चालत जाऊन खुणा पाहिल्या, वेगाचे आकडे पाहिले, खाली येऊन चहा घेतला.

"मॅडम, नकाशा तुमचाच. आता तुम्हीच म्हणता तो चुकला."

"हो. मी दुरुस्त करून देते."

"आधार काय? पोलिसांच्या कागदावर उंबर. पेपरात उंबर. आणि माथ्याला पुरावा म्हणजे मावशींची बाज."

मावशी कप विसळत होत्या. "बाज खोटं बोलत न्हाई, सायेब. पायजे तर तुमी झोपा तिच्यावर, माथ्यावरनं आनतो. तुमाला तीनदा टेकावी लागंल."

अभियंते हसले. त्यांचं पोट सुटलेलं होतं. पण फाइलमध्ये हसणं लावता येत नाही, असं ते म्हणाले आणि ते खरं होतं. लेखी काही नसेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नोटीस कायम होणार होती. मावशींची एक बहीण लोहगडवाडीला असते. तिकडे टपरी टाकता येईल, असं अभियंत्यांनी सुचवून पाहिलं.

"तितं तिघी आधीच भज्याला बसल्यात," मावशी म्हणाल्या. "आनि बाज कुनी उचलायची?"

मी लोणावळ्याला गेलो. बातमी पाठवल्यावर वहीचं काम संपतं, पण माझ्या वह्या मी टाकल्या नव्हत्या. पलंगाखाली दोन पेट्या होत्या. दुपारी जमिनीवर वह्या पसरून बसलो. बाहेर चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि खोलीत जुन्या कागदाचा वास सुटला होता. फोनवर माणूस जे बोलेल ते मी आधी जसंच्या तसं उतरून घ्यायचो, मग बातमी करायचो. ते बोलणं तिथे होतं. "चढावर उडवला, आता उंबराजवळ आनलाय." "म्हशी आडव्या आल्या, समोरनं ऊन." "पाणंदीतनं निघाला, दिसलाच न्हाई." त्यांच्याखाली रेघ आणि रेघेखाली माझी बातमी: उंबराजवळ अपघात, एक जखमी. शाई एकच, अक्षर माझंच. वाचताना कुठलाच आवाज मला आठवला नाही.

तारखांप्रमाणे ती पानं वेगळी केली. सोबत एक पानाचा खुलासा लिहिला. वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, त्याच पद्धतीने: सोबत जोडलेल्या बातम्यांत अपघाताचं ठिकाण 'उंबराजवळ' असं प्रसिद्ध झालं आहे. ते चुकीचं आहे. ते जखमींना आणून ठेवल्याचं ठिकाण आहे. खाली सही केली. ताईंनी दुरुस्त नकाशा जोडला. मावशींनी हरकतीच्या अर्जावर अंगठा न उठवता सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. शुक्रवारी दुपारी तीन वाजता अर्ज दाखल झाला आणि त्याची पोच मिळाली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. पाणंदीचं तोंड माथ्यावरून हलवून खाली मोरीच्या अलीकडे काढण्याचं काम मंजूर झालं. ते अजून सुरू झालेलं नाही. माथ्याच्या अलीकडे गतिरोधकाचे पट्टे मारले आहेत. चुन्याच्या खुणा पुसल्या गेल्या.

मार्च संपताना एका रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दुधाच्या मोटारसायकलीला मागून गाडीची धडक बसली. वेग कमी होता. मोटारसायकलवाल्याचा हात मोडला. त्याला बाजेवर घालून उंबराखाली आणण्यात आलं. हवालदारांनी बाकड्यावर बसून कागद काढला आणि मावशींना विचारलं, कुठे पडला.

"दोनदा टेकली," मावशी म्हणाल्या.

पंचनाम्यात ठिकाणाच्या रकान्यात नोंद आहे: चढाचा माथा, पाणंदीच्या तोंडाशी, उंबरापासून दोनशे अठरा मीटर.