बाकावरचं मेण

सुमित्राकाकूंचा जीव दोन गोष्टींत. एक लेक चित्रा, दुसरा माहेरचा सागवानी बाक. काकांच्या विमा कचेरीने बदलीवर बदली केली, नागपूर झालं, इंदूर झालं, छप्पन साली जयपूर आलं. भांडीकुंडी हरवली, पण बाक दर वेळी शाबूत पोचला. तो पोचेपर्यंत काकूंना अन्न गोड लागत नसे.

चित्राला बघायला श्रीधर आणि त्याची आई पार्वतीबाई येणार म्हटल्यावर बाक चमकायला हवा, हे ओघानं आलंच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवणारा हा श्रीधर चित्राच्या मनात भरला होता, आणि ते तिनं फक्त आईला सांगितलं होतं. हे जमलं नसतं तर पोरीआधी आईच रडली असती.

मेण आणायला काकू स्वतः चारदीवारीत, जुन्या शहरातल्या बाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, "तारपीन में घोलिए बहनजी, और पतला लगाइए." पण पाहुण्यांच्या नाकाला तारपिनाचा वास कशाला? रत्नागिरीला वडील मेणात खोबरेल घालत, काकूंनीही घातलं, तेही सढळ हातानं. वडील ते थंडीत लावून दिवस दिवस फडक्यानं घासत, एवढं मात्र त्या विसरल्या. इथे भर वैशाख, बाहेर लूच्या झळा, आणि पाहुणे त्याच संध्याकाळी दारात.

बाक नुसता झळकत होता. पार्वतीबाई आणि श्रीधर त्यावर बसले. पोहे झाले, चहा झाला, बोलणंही छान रंगलं. मग पार्वतीबाई निघायला उठल्या आणि चर्र आवाज झाला. रेशमी लुगडं बाकाला चिकटलं होतं. सुटलं ते मेणाचा पिवळा पट्टा घेऊनच. धरणीनं पोटात घ्यावं, असं काकूंना झालं.

"चल रे श्रीधर."

श्रीधर हलेना. त्याची पांढरी पँटही अडकली होती. "काकू," तो शांतपणे म्हणाला, "अजून अर्धा कप चहा मिळेल?"

इतका वेळ खाली मान घालून बसलेली चित्रा फिसकन हसली. संपलं सगळं, काकूंना वाटलं.

पार्वतीबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग चित्राकडे. "सुमित्राताई, हा वास ओळखीचा आहे. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मीही मेणात खोबरेलच घातलं होतं हो. आमचे हे खुर्चीला चिकटले होते! ते मेण आधी खरवडून काढा. आणि साखरपुड्याला आम्हाला सतरंजीवर बसवा."

काकूंना रडूच फुटलं. डोळ्यांना पदर लावत, भान न राहून त्या मटकन बसल्या, त्या नेमक्या बाकावरच.