गाव पुढं सांगतो

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका दरीत होती. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बरेच जण ओळखतील, कारण आता आपल्याकडचे लोकही उन्हाळ्यात तिथं गाडी घेऊन जातात. तळाशी नदी, नदीच्या दोन्ही अंगांना जवाची शेतं, वर दगडी घरं आणि त्याहून वर बर्फ. फोटोत जे दिसतं ते खरं आहे. फक्त रस्त्याच्या वरचा डोंगर फोटोत येत नाही.

मी ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये ड्रायव्हर होतो. खालच्या बेसवरून रेशन, रॉकेल आणि थंडीचं सामान वरच्या पोस्टवर पोचवायचं, रिकामी गाडी परत आणायची. पहाटे उठून तेल, पाणी, ब्रेक, टायर तपासायचे. मग कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांची रांग, लागायचा. सुभेदारसाहेब गढवालचे होते. निघताना ते प्रत्येक गाडीच्या दाराशी येऊन दोनच शब्द बोलत. "फासला रखना." दोन गाड्यांमध्ये अंतर राखायचं, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सूचना त्यांच्या मते आम्हाला ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या होत्या.

माझ्या गाडीचा कमांडर आणि को-ड्रायव्हर नाईक सोपान शिंगाडे होता. कन्नड तालुक्यातला, मेंढपाळ घरातला. माझं घर चिकलठाण्याचं, संभाजीनगरच्या विमानतळाला लागून. हुद्द्यानं तो वरचा, म्हणून मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला नावानं कधी हाक मारत नसे.

"ए इमानतळ, गियर टाक."

"उस्ताद, माझं नाव पवार आहे."

"घराशेजारी इमान उतरतंय, अन् तू ट्रक हाकतो. तुला आनखी काय म्हणू?"

हे रोजचं होतं. पूर्ण प्लाटून मला इमानतळ म्हणायला लागली. पंजाबी पोरांनाही त्याचा अर्थ त्यानंच समजावला होता.

बेसपासून तासाभरावर रस्त्यात एक स्लाइड होती. डोंगराचा तेवढा पट्टा सुटा होता. रात्री भेगांत पाणी गोठायचं, ऊन चढलं की वितळायचं आणि दगड सुटायचे. फौजेत त्यांना शूटिंग स्टोन म्हणतात. स्लाइडच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक ट्रॅफिक पोस्ट होती. सकाळी आधी सिव्हिल गाड्या सोडायच्या, मागून कॉन्व्हॉय.

तिथं आमची पद्धत ठरलेली होती. को-ड्रायव्हर खाली उतरतो आणि गाडीच्या पुढं चालतो. त्यानं फक्त वर बघायचं. ड्रायव्हरनं फक्त त्याच्याकडं आणि रस्त्याकडं बघायचं. काचा खाली, गाडी दुसऱ्या गियरमध्ये. ड्रायव्हरनं वर बघितलं तर त्याचा पाय ब्रेककडं जातो, आणि स्लाइडमध्ये उभी राहिलेली गाडी दगडाला सापडते.

सोपान या पद्धतीत स्वतःची एक भर घालायचा. स्लाइडमध्ये तो कुणाशी बोलत नसे. एकदा मी काचेतून विचारलं, "उस्ताद, चहा अलीकडं घ्यायचा का वर?" त्यानं ऐकलं, पण मान वळवली नाही. स्लाइड संपल्यावर तो गाडीत चढला, बूट झटकले आणि म्हणाला, "आता इचार."

"बोलायचं नाही असं कुठल्या ऑर्डरमध्ये आहे?"

"तुमच्या ऑर्डरीत नसंल."

नाईक झाल्याचा तोरा आहे, असं मी धरून चाललो. पुढं त्याबद्दल विचारलं नाही.

त्या दिवशी आमची गाडी कॉन्व्हॉयमध्ये पहिली होती. पोस्टवर थोडा उशीर झाला, कारण पुढं गेलेल्या सिव्हिल गाड्यांपैकी एक मागं रेंगाळली होती. स्लाइडच्या तोंडाशी उभी राहून आतली माणसं दरीचे फोटो काढत होती. पोस्टवरच्या पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. ती गाडी हलली, आत शिरली. सुभेदारसाहेबांनी आम्हाला निघायची खूण केली.

सोपान उतरून पुढं चालायला लागला. ऊन चांगलं चढलं होतं. पुढची गाडी खड्डे चुकवत फार हळू जात होती, त्यामुळं सोपान चालत चालत तिच्याजवळ पोचला. त्यानं नंबर प्लेट बघितली. मागं वळून माझ्याकडं बघत दोन बोटं दाखवली, मग मूठ. वीस. एमएच वीस, आपल्या जिल्ह्याची गाडी. तो हसत होता. घरापासून इतक्या लांब तो नंबर दिसला की आम्ही सगळेच हसायचो.

तेवढ्यात वरून बारीक खडे आले. रस्त्यावर वाळू पडल्यासारखा आवाज झाला. सोपाननं वर बघितलं आणि त्या गाडीच्या काचेवर हात मारला.

"थांबू नका. पुढं घ्या, पुढं घ्या."

हे तो मराठीत बोलला. आपली माणसं आहेत, आपल्या भाषेत लवकर समजेल, एवढा साधा हिशोब.

गाडी थांबली.

मागचं दार उघडून साठीच्या पुढचे एक गृहस्थ खाली उतरले. गाडी त्यांचा मुलगा चालवत होता, मागं त्यांची बायको होती. मला सगळं ऐकू येत होतं, कारण काच खाली होती.

"अरे, तुम्ही आपल्याकडचे? आम्ही संभाजीनगरचे, पुंडलिकनगरचे. गाव कोणतं तुमचं?"

"काका, गाडीत बसा."

"बसतो हो. गाव तर सांगा. आडनाव काय?"

आतून काकूंनी डबा बाहेर काढला. "थांब रे बाळा, धपाटे आहेत. किती दिवसांत खाल्ले नसतील. अमोल, गाडी बंद कर जरा."

अमोलनं गाडी बंद केली.

मी वायरलेस सेटवर बोललो. "एक नंबर गाडी, सुभेदारसाहब. सिव्हिल गाडी स्लाइड में खडी है. ओव्हर."

"कितने लोग?"

"तीन. और शिंगाडे."

"तुम वहीं रुको. आगे मत जाना. पीछे सब रुक गए हैं. ओव्हर."

मी ब्रेकवर पाय ठेवून थांबलो. माझा ट्रक त्या पट्ट्याच्या काठावर होता. आणखी पुढं गेलो असतो तर त्यांच्या मागं एक अडकलेली गाडी वाढली असती.

सोपाननं काकांचा दंड धरला. आवाज चढवला नाही.

"गाव पुढं सांगतो. आधी गाडी काढा हितून."

त्यानं काकांना आत बसवलं, दार लोटलं. अमोलनं घाईत गाडी सुरू केली, पण पुढच्या चाकाखाली दगड आला होता. चाक जागेवर फिरलं. सोपान गुडघ्यावर बसला, दगड ओढून काढला आणि गाडीच्या टपावर थाप मारली. गाडी सुटली. तो बाजूला उभा राहून ती जाताना बघत होता, मग त्यानं मान वर केली.

दगड मी पाहिला नाही. ड्रायव्हरनं वर बघायचं नसतं. मला सोपान दिसत होता, नंतर धूळ दिसली.

धूळ बसल्यावर दोन्हीकडच्या पोस्टवरून जवान धावले. मेडिकलवाला आमच्या मागच्याच गाडीत होता. त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुभेदारसाहेब सेटवर म्हणाले, "शिंगाडे को लेके आओ."

रस्ता मोकळा झाल्यावर मी गाडी पलीकडच्या पोस्टवर नेली. ते कुटुंब तिथंच बसलं होतं. काकू रडत होत्या. डबा मांडीवर तसाच होता. काका उठून माझ्याकडं आले. माझ्या छातीवरचं नाव त्यांनी वाचलं.

"पवार, तो म्हणाला होता गाव पुढं सांगतो."

"जांभळदरा," मी म्हणालो. "कन्नड तालुका. डोंगराच्या पायथ्याला."

"मग लई जवळचं निघालं," काका म्हणाले आणि खाली बसले.

आम्हाला सामान वर पोचवायचं होतं. आम्ही ते पोचवलं. सोपानला घरी नेण्याची ड्यूटी दुसऱ्या जवानाला मिळाली. मी कॉन्व्हॉयवरच होतो.

इथं मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो. सुट्टीवर आलो तेव्हा शहरात एका चौकात सोपानचा फ्लेक्स लागलेला होता. त्यावर चार पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि सोपानचा कोपऱ्यात, तोही भरतीच्या वेळचा. कटिंगच्या दुकानात एकानं मला विचारलं, "पण तो लढाईत गेला नाय ना? दगड पडून गेला म्हणे." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात शहीद म्हणजे समोर बंदूकवाला पाहिजे. त्या दरीत आमचं काम रस्ता चालू ठेवायचं आणि त्यावरच्या माणसांना पलीकडं पोचवायचं होतं. सोपाननं तीन माणसं पलीकडं पोचवली. ज्यांना यात लढाई दिसत नाही त्यांनी खुशाल फ्लेक्स बघावेत.

माझी सेवा संपली, मी चिकलठाण्याला परत आलो. आता एका कारखान्याची बस चालवतो. मागच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला. नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला होता.

"जांभळदऱ्याला जायचं म्हणतो. अमोल आता डोंगरात गाडी घालत नाही. तुम्ही याल का?"

रविवारी सकाळी मी पुंडलिकनगरला गेलो. गाडी तीच होती. मागच्या बाजूला दगडाचा एक पोचा होता, तो त्यांनी दुरुस्त केला नव्हता. काकू मागं बसल्या, मांडीवर डबा. काका माझ्या शेजारी. काकांनी एकदा विचारलं, "त्यांना माहीत आहे का, आम्ही कोण?"

"फोनवर सांगितलं आहे."

"काय म्हणाले?"

"या म्हणाले."

भीती कशाची होती ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या आईबापानं दारातून परत पाठवलं असतं, तर आम्ही काही म्हणू शकलो नसतो.

कन्नड सोडल्यावर डोंगराकडचा फाटा लागतो. पाऊस होऊन गेला होता. दोन्ही बाजूंना मका, पुढं हिरवे डोंगर आणि त्यांच्या मधून खाली उतरणारी अरुंद वाट. उत्तरेतल्या त्या दरीहून ही फार लहान आहे. नदीच्या जागी ओढा, बर्फाच्या जागी ढग. तरी पहिल्या वळणावर गाडी आली आणि दोन्ही डोंगर एकदम दिसले, तेव्हा मला वाटलं, सोपानला ती पोस्टिंग परकी वाटली नसणार.

गावाच्या अलीकडं रस्ता एका उभ्या दरडीच्या कडेनं जातो. वर मेंढरं चरत होती. वळणावर खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा काठी घेऊन उभा होता. नाक, कपाळ, उभं राहायची पद्धत, सगळं सोपानचं. काकांनी त्याला ओळखलं. ते म्हणाले, "थांबा, थांबा," आणि मी थांबायच्या आत दार उघडून पाय खाली टाकला. मी ब्रेक दाबला.

काकांनी हात जोडले. "रामराम. आम्ही संभाजीनगरहून..."

म्हाताऱ्यानं रामराम घेतला नाही. त्याचं लक्ष आमच्या डोक्यावर, मेंढरांच्या पायांकडं होतं. काठीनं त्यानं पुढची दिशा दाखवली.

"समदं पुढं बोलू. आधी गाडी काढा हितून."

काकांचे हात जोडलेले तसेच राहिले. मागं काकूंचा श्वास मला ऐकू आला. मी काकांचा दंड धरून त्यांना आत घेतलं आणि गाडी पुढं काढली. दरड संपते तिथं चिंचेचं झाड आहे. तिथं थांबलो. मागून म्हातारा चालत आला. आल्यावर त्यानं काठी झाडाला टेकवली, डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि दोन्ही हात जोडले.

"रामराम. आता बोला. गाव कोणतं तुमचं?"

काका नुसतेच गाडीतून खाली उतरले. मग मीच विचारलं. "आबा, तिथं का नाही बोललात?"

"दरडीखाली रामराम नाय घालायचा. मेंढराच्या पायानं धोंडा सुटतो. माणूस बोलाय लागलं की ऐकू येत नाय त्याला." ते सहज सांगत होते. "आमच्याकडं पोरगं चालाय लागलं की पयलं हेच शिकवत्यात. पाव्हण्यांना राग येतो कधी कधी. येऊ द्या."

"सोपान पण बोलायचा नाही," मी म्हणालो.

"कसा बोलंल?" आबा म्हणाले. थोडा वेळ त्यांनी मेंढरांकडं बघितलं. "पर तिथं बोलला म्हणं तो."

"आम्ही बोलायला लावलं," काका म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मी वाट बघत होतो. काकूंनी डबा घट्ट धरला होता.

"गाडी निघाली ना पर?"

"निघाली."

"मंग झालं," आबा म्हणाले. "चला घरी. तिनं चहा ठिवलाय."

घरी सोपानची आई होती. काकूंनी तिच्यापुढं डबा ठेवला. "त्याला द्यायचे राहिले होते," एवढंच बोलल्या. आईनं डबा उघडला, एक धपाटा काढून भिंतीवरच्या फोटोपुढं ठेवला आणि बाकीचे सगळ्यांना वाढले. फोटोत सोपान वर्दीत होता. त्याच्या शेजारी ट्रकला टेकून मी उभा होतो. आईनं मला विचारलं, "तू तो इमानतळ का?" मी व्हय म्हणालो.

ऊन उतरायच्या आत निघालो. आबा चिंचेपर्यंत सोडायला आले. तिथंच त्यांनी निरोप घेतला, पुढं आले नाहीत. मी काचा खाली केल्या, गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली. काकांनी मान बाहेर काढून वर बघायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी रस्त्याकडं बघितलं. दरडीखालून जाताना गाडीत कुणी बोललं नाही.

वळण संपलं. काकांनी मान आत घेतली आणि हात जोडले.

"रामराम, सोपान," ते म्हणाले.