डब्यातला खुराक

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी वजनं उचलायला लागले. शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर लिहायला हात वर केला की खांद्यातून कळ यायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, नुसतं चालून भागणार नाही, हाडांना ओझ्याची सवय लावा. मी हे मनावर घेतलं ते असं घेतलं, की दोन वर्षांत जमिनीवरचा वजनं लावलेला बार वाकून धरायचा आणि ताठ उभं राहायचं, हा प्रकार मला सणापेक्षा आवडायला लागला. कोल्हापुरात सून वजन उचलते म्हटल्यावर कुणी नाक मुरडत नाही. लोक एवढंच विचारतात, "किती उचलती?"

पंचाण्णव किलो उचलती, हे त्याचं उत्तर होतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्या वयोगटात राज्यासाठी निवड व्हायची तर शंभर लागणार, असा आमच्या व्यायामशाळेतल्या बाईंचा हिशेब होता. त्या माझ्या ट्रेनर, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आणि आवाजानं पुष्कळ मोठ्या.

माझ्या सासऱ्यांना मात्र शंभरची काळजीच नव्हती. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा तरुणपणी तालमीत कुस्ती खेळले, मग म्हशी पाळल्या. अजूनही रोज संध्याकाळी ते म्हशी घेऊन शहरातल्या कट्ट्यावर जातात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, अशी ही आमच्या गावची दूध प्यायची रीत. पाण्याचा थेंब नाही, हे ज्याला त्याला दिसतं. मामांचं सगळं नाव त्या धारेवर उभं आहे. मी शाळेतून येताना कट्ट्यावर थांबायचे आणि मामा मला सगळ्यांसमोर मोठा पेला भरून द्यायचे. "ही माझी सून. शंभर किलो उचलणार हाय. कशावर? ह्याच दुधावर!" लोक मान डोलवायचे आणि दूध घ्यायचे.

आणि घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात गुरगुर सुरू व्हायची. पोट नगाऱ्यासारखं टम्म. सकाळी व्यायामानंतर मी प्रोटीन पावडर घ्यायचे, तिचंही तेच. कमरेचा पट्टा आवळला की जीव नकोसा व्हायचा. मामांना नुसतं "पोट जड वाटतंय" एवढं म्हटलं, तर त्यांनी तालमीतला उपाय सांगितला. "दूध जिरंना झालंय म्हंजे व्यायाम कमी पडतोय. बैठका वाढीव. आणि पेलाभर दूध जादा घे." दूध सोसत नसेल तर आणखी दूध प्या, हा सल्ला जगात दुसरीकडे कुठे देत नसतील. मी शहाणी विज्ञानाची बाई, तरी बैठका मारल्या आणि दूधही प्याले. दुधाच्या घरात दुधावर संशय घ्यायचं माझ्याही मनात आलं नाही.

ट्रेनरबाईंनी मग दुसरा डबा पुढे केला. "मॅडम, ती प्रोटीन पावडर सोडा. हे रिकव्हरीचं घ्या, थकवा भरून काढतंय. पाण्यात घालायचं, पोट हलकं राहतंय, अंग दुखत न्हाय. सगळं ह्यातच हाय की."

सगळं ह्यातच आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चष्मा लावून मी डब्यामागचा बारीक मजकूर वाचला. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी तीन, तीही चिमटीत मावतील एवढी. थोडे क्षार, साखरेऐवजी कसलीशी गोडी आणि लिंबाचा वास. अन्नातूनच मिळवावी लागतात अशी नऊ अमिनो आम्लं असतात, हे मी दरवर्षी वर्गात ओरडून शिकवते. नवाचं काम तिघं कसं करणार? तांबडा रस्सा झणझणीत केला, तर्री आली, पण त्यात मटणच घातलं नाही, असा तो प्रकार होता. तरी नुसत्या लेबलावरून निकाल देणं मला पटत नाही. मुलांना मी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. म्हणून मी प्रोटीन पावडर थांबवली, तिच्या जागी रिकव्हरी सुरू केली आणि बाकीचं जेवण, झोप, व्यायाम, कट्ट्यावरचं दूध, काही म्हणजे काही बदललं नाही.

खोटं कशाला बोलू, अंग थोडं कमी दुखायला लागलं. ते त्या डब्यामुळं की डब्यावरच्या विश्वासामुळं, देव जाणे. पण पंचाण्णवचा बार पंचाण्णवलाच राहिला, वर नव्वदसुद्धा जड लागायला लागला. दुपारी अशी भूक लागायची की मधल्या सुट्टीत मुलांच्या डब्याकडे नजर जायची. प्रोटीनच्या जागी ही पावडर चालणार नाही, हा माझा निकाल लागला आणि मी तो ट्रेनरबाईंना तोंडावर सांगितला. त्या म्हणाल्या, "मग पोटाचं काय करताय?"

पोटाचंही उत्तर त्याच प्रयोगात निघालं. सकाळी पाण्यातली पावडर घेतली की पोट अगदी शांत असायचं. संध्याकाळी कट्ट्यावरून आले की पुन्हा नगारा. प्रोटीन पावडर तरी कशाची असते? दुधाचीच. डॉक्टरबाईंनी तपासून खात्री केली. वय वाढलं की काहींना दुधातली साखर पचेनाशी होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्या हसत म्हणाल्या. त्यांचं काय जातंय? त्यांना कुठे मामांना सांगायचं होतं!

मी गोठ्यात जाऊन सांगितलं. "मामा, मला दूध पचत न्हाय. आजपास्नं बंद करतो." आमच्याकडे बायकाही 'करतो'च म्हणतात. मामा वैरण टाकता टाकता थांबले. माझ्याकडे बघेनात, म्हशीकडे बघत राहिले. तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "कट्ट्यावर बोलू नगंस हे."

"न्हाय बोलणार."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. जन्मभर एका दुधावर नाव कमावलेल्या माणसाच्या घरातच ते दूध पचत नाही, ही बातमी कट्ट्यावर फुटली असती तर लोकांनी महिनाभर चघळली असती. मी कट्ट्यावर जाणंच बंद केलं. कुणी विचारलं की मामा म्हणायचे, "पेपर तपासतीया."

चार दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "मग शंभर कशावर उचलणार?"

"अंडी, डाळी, सोयाबीन, फुटाणे. बुधवारी आणि रविवारी मटण."

"दही?"

"दही चालतंय, त्यात साखर कमी उरती. चक्का तर उत्तमच."

"मग म्हस अगदीच वाया न्हाय गेली," असं म्हणून ते गेले आणि त्या दिवसापासून माझ्या खुराकाचे वस्ताद झाले. दही पंच्यात बांधून टांगायचं काम ते कुणाला करू देईनात. ताटात डाळ पातळ दिसली की मलाच दटावायचे, "हे काय पाणी पितीस?" रिकव्हरीचा उरलेला डबा मी लिंबू सरबत म्हणून संपवला. हळूहळू पंचाण्णव हलका झाला. पण शंभर एकदाही पूर्ण वर आला नाही. गुडघ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा.

स्पर्धेला मामा धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. पहिल्या दोन खेपा नीट गेल्या. तिसऱ्या खेपेला शंभर लावले. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्याशी आला आणि नेहमीसारखा थांबला. कानात नुसता घूं आवाज. त्यातून मामांची आरोळी आली, "सोडू नगं गं पोरी!" मी सोडला नाही. मांड्या थरथरल्या, पाठ सरळ झाली, खांदे मागे गेले आणि तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की वाजवी की अवाजवी याची मी चौकशीच केली नाही. आजही करत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी निरोप धाडला, कट्ट्यावर ये. बातमी आधीच पोचली होती. नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. कागलकडचा एक अनोळखी गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला, "मामा, सूनबाईंना पाजताय त्याच म्हशीचं द्या. आमची पोरगी बी उचलती वजनं."

मामांनी नुसतं "घ्या" म्हटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं, आणि मी तर गप्प राहायचा शब्द दिलेला होता.

मामांनी धार थांबवली. "पावणं, तिला माझं दूध पचत न्हाय."

मामांनी हातातला पेला खाली ठेवला.

"लई दिवस झालं, थेंब घेतला न्हाय तिनं. डब्यातली दुधाची पावडर बी न्हाय. काय सोसतंय, काय न्हाय, ते स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं आणि उचललं. दूध चोख हाय, तुमच्या पोरीला पचत आसंल तर न्या." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण शंभर किलोचं नाव घ्यायचं झालं, तर हिचं घ्या. म्हशीचं नगं."