मुक्या ताऱ्यांचा शेजारी

"काही नाही मिळालं. ग्रँड," असं म्हणून तो चहात बिस्किट बुडवायचा. मंडळी, माझी आजवर दोन पोती बिस्किटं कपात बुडून मेली असतील; त्याचं एकही नाही. एखाद्याचा राग यायला एवढं पुरे.

आयर्लंडमधल्या मेनूथ गावात, जिथं 'मस्त, ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात, तो आमच्या शेजारी राहायचा. मूळचा साताऱ्याचा, एकटा जीव. काम काय, तर न्यूट्रॉन तारे ऐकणं. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. शहराएवढा, पण चमचाभर उचलायला गेलात तर अख्खा सह्याद्री हातात. यातले बरेच रेडिओवर टिकटिकतात. हा मात्र आपल्या जवळपासचे मुके तारे धरून बसलेला. सहा वर्षं कान लावून, उत्तर शून्य, आणि गडी खूश. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात. आमच्याकडे सहा मिनिटं 'काही नाही' आलं तर सात मॅनेजर धावत येतात.

पण जळण्याचं खरं कारण माझी नऊ वर्षांची सई. मी मराठीत शंभर वाक्यं बोलावीत, तिनं "आय ॲम ग्रँड, डॅड" म्हणून दार लावून घ्यावं. आणि त्याच्याशी? "काका, आज तारा बोलला का?" माझ्या पोटात अशी आग पडे की तिच्यावर सगळ्या आयर्लंडच्या भाकऱ्या भाजून निघाव्यात.

एकदा त्याला ठोका सापडला. दर सेकंदाला एक. आठवडाभर तो हवेत आणि मी अन्नपाण्यावाचून. मग कळलं, ते जवळच्या शेतकऱ्याच्या गाईंचं विजेचं कुंपण टिकटिकत होतं. मी खास बर्फी घेऊन सांत्वनाला गेलो, तर तो आणि सई पोट धरून हसतायत.

"काका, मग गाय कुठला तारा?"

"सगळ्यात जवळचा गं."

शेवटी मी विचारलंच, "पोरीला खाऊ काय घालतोस रे?"

"काही नाही. विचारतो आणि थांबतो. तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता, दादा."

गेल्या महिन्यात तो दक्षिण आफ्रिकेला गेला, तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर. त्या संध्याकाळी जेवताना मी सईला विचारलं, "शाळेत काय झालं?" आणि जीभ दाताखाली धरून बसलो. वरण निवलं. बायकोनं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

सईनं चमचा खाली ठेवला. "बाबा, तुला बरं नाहीये का?"

हे त्याला सांगायला मी ताटावरून उठलो, दारापर्यंत गेलोसुद्धा. शेजारच्या खिडकीत 'भाड्याने देणे'ची पाटी लागली होती.